परसातली सापसण

फुलपाखरांसाठी बाग करायची ठरली की आपण सहसा फुलझाडांच्या मागे लागतो, आणि एक्झोरा, पेंटास, रंगीबेरंगी घाणेरी अशी रोपे घरी येतात. त्यांच्यावर फुलपाखरे येतात यात शंका नाही. मात्र मकरंद पिऊन झाला की ती निघून जातात, कारण अंडी घालायला मादीला तिच्या जातीच्या सुरवंटांना चालणारी वनस्पतीच हवी असते आणि ती मिळाली नाही तर ती त्या परसात थांबत नाही. चिपळूणजवळच्या आमच्या घरी आम्ही लिंबू आणि कढीपत्ता कधीच फुलपाखरांसाठी म्हणून लावला नव्हता, तरी त्यांच्यावर कॉमन मॉर्मनचे सुरवंट दरवर्षी असायचे. कॉमन रोझ मात्र कुंपणावरून उडत जाताना दिसे, एक्झोरावर क्षणभर टेके आणि पुढे जाई. तिने आमच्याकडे वस्तीला यावे असे वाटत असेल तर सापसण लावायला हवी, एवढे मला वाचनातून कळले होते.

सापसण म्हणजेच आयुर्वेदातली ईश्वरी. शास्त्रीय नाव अ‍ॅरिस्टोलोकिया इंडिका. ही इथलीच, बहुवर्षायू, करवंदाच्या किंवा निवडुंगाच्या आधाराने चढणारी बारीक वेल आहे. तिचे खोड बोटाएवढेही जाड होत नाही, परंतु जमिनीखाली काष्ठमय मूळ असते आणि सगळी जिद्द त्या मुळात असते. उन्हाळ्यात वरचा भाग वाळून गेला तरी मूळ जिवंत राहते आणि मृगाचा पाऊस पडला की त्यातून पुन्हा कोंब येतात. पाने चिरडली की उग्र वास सुटतो. कॉमन रोझ, क्रिमसन रोझ आणि आपल्याकडचे सर्वांत मोठे फुलपाखरू सदर्न बर्डविंग या तिघांचेही सुरवंट याच कुळातल्या वनस्पतींवर वाढतात.

पहिली अडचण रोप मिळवण्याची होती. एका रोपवाटिकेत ‘ईश्वरी’ अशी चिठ्ठी लावलेले रोप मिळाले. त्याची पाने चांगली रुंद, हृदयाच्या आकाराची होती, आणि पुढे त्याला जे फूल आले ते तळहातभर, जांभळ्या-पांढऱ्या नक्षीचे होते. ते अर्थातच दक्षिण अमेरिकेतले शोभेचे भावंड होते. सापसणीचे फूल मुळात एवढे मोठे नसतेच. ते जेमतेम दोन पेरांचे, फिकट हिरवट, आणि त्याची एका बाजूला लांबलेली जिभेसारखी पाकळी गडद तपकिरी-जांभळी असते. पानही रुंद हृदयाकृती नसून लांबट, टोकाकडे पसरट आणि बऱ्याचदा मधोमध किंचित आत दबलेले असते. हा फरक केवळ हौशी लोकांच्या चर्चेपुरता नाही. ऑस्ट्रेलियात रिचमंड बर्डविंग या फुलपाखराच्या माद्या बागांतून पसरलेल्या अशाच परदेशी वेलीवर अंडी घालतात आणि त्यातून निघालेले सुरवंट ती पाने खाऊन मरतात, हे तिथे चांगले नोंदवले गेले आहे. वास ओळखीचा असल्यामुळे मादी फसते. म्हणून ते रोप मी काढून टाकले, आणि रानातून आणण्याऐवजी गावातूनच सापसण कुठे मिळते याची चौकशी सुरू केली.

ती मिळाली शेजारच्या वाडीतल्या एका काकूंच्या गडग्यावर. जांभ्याच्या चिऱ्यांच्या फटींतून निघून ती करवंदाच्या जाळीवर चढली होती. काकू म्हणाल्या, ‘‘दरवर्षी गडगा साफ करताना कोयत्याने तोडतो रे आम्ही, आणि दरवर्षी ती परत येते. तुला हवी तेवढी ने.’’ मूळ उपटून नेण्याचा मोह झाला नाही असे नाही, पण चिऱ्यात रुतलेले मूळ अखंड निघत नाही आणि ते तुटले तर तिथलीही वेल जाते नि आपल्याकडेही काही जगत नाही. त्यामुळे मी बिया आणि छाट यांवरच भिस्त ठेवायचे ठरवले.

सापसणीचे फळ पाहण्यासारखे असते. पावसाळ्यानंतर फुललेल्या वेलीवर हिवाळ्यात दोन पेरांएवढी, सहा कंगोऱ्यांची हिरवी बोंडे लटकतात. पुढे ती पिवळसर होऊन वाळतात आणि देठाच्या बाजूने उकलतात; देठाचेही सहा धागे होतात, आणि सगळे फळ उलटे उघडून वाऱ्यावर शिंक्यासारखे डोलत राहते. आत एकावर एक रचलेल्या चपट्या, त्रिकोणी, कडेला पातळ पापुद्रा असलेल्या बिया असतात. एकदा बोंड उकलले की वारा त्या हां हां म्हणता घेऊन जातो. म्हणून रंग बदलू लागताच बोंडावर मलमलीच्या फडक्याची सैल पुरचुंडी बांधून ठेवावी लागते. काकूंनी ते काम आनंदाने अंगावर घेतले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘‘हे काय बांधलंय?’’ याचे उत्तर देण्याचेही.

बिया ताज्या असतानाच पेरणे बरे, हे मला अनुभवाने पटले. डब्यात जपून ठेवलेल्या बियांची उगवण फारच कमी झाली. माती, चाळलेली रेती आणि कुजलेला पालापाचोळा समप्रमाणात घेऊन, उथळ कुंडीत बिया सपाट ठेवून वर जेमतेम नखाएवढा मातीचा थर दिला आणि कुंडी सावलीत ठेवली. या बिया एकदम उगवत नाहीत. एक कोंब येतो, मग बरेच दिवस काहीच होत नाही, आणि आपण कुंडी रिकामी करायला घ्यावी तेव्हा आणखी दोन-तीन डोकी वर आलेली असतात. पाणी बेताचेच लागते. कुंडी ओलीचिंब राहिली तर कोवळी रोपे बुडाशी काळी पडून आडवी होतात. छाटांचा प्रकार वेगळा. आषाढात, हवेत दमटपणा भरपूर असताना, फार कोवळी नाही आणि फार जून नाही अशी फांदी दोन-तीन डोळ्यांची घेऊन, खालची पाने काढून रेताड मातीत खोचली की काही छाट मुळे धरतात, पुष्कळसे धरत नाहीत. छाटाचे रोप लवकर पानांवर येते, पण बीपासून झालेल्या रोपाचे मूळ अधिक सरळ आणि खोल जाते. माझ्या मते परसात कायमची लावायची असेल तर बियांचेच रोप निवडावे.

जागेचा विचार मात्र घाईने करून चालत नाही. आमच्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि सपाट वाफ्यात लावलेल्या वेलीचे मूळ श्रावणापर्यंत कुजते. गडग्यावर ती का माजते हे तेव्हा लक्षात येते: चिऱ्यांच्या फटीत माती थोडी, निचरा पूर्ण आणि मुळाला आडोसा. मी परसाच्या पूर्वेला जांभ्याचे फुटके चिरे रचून गुडघाभर उंचीचा लांबट ढिगारा केला, फटींत माती आणि थोडे शेणखत भरले आणि त्यात रोपे वीत-दीड वीत अंतरावर लावली. सकाळचे ऊन आणि दुपारनंतर फणसाची सावली अशी ती जागा आहे. चढायला बांबूच्या काठ्या रोवल्या, आणि वर करवंदाचीच वाळलेली झुडपे आडवी टाकली, कारण तार किंवा गुळगुळीत नळीपेक्षा काटेरी, खडबडीत आधार तिला मानवतो. खताचे फारसे लाड करू नयेत. भरपूर खत मिळालेली वेल लांब, मऊ, पाणचट पाने काढते आणि त्यांवर मावा आधी येतो.

इथपर्यंतचे काम कुठल्याही वेलीचे असते. यापुढचे मात्र उफराटे असते, कारण ही वेल आपण खाल्ली जाण्यासाठीच वाढवत असतो. कॉमन रोझच्या माद्यांना ही वेल सापडायला वेळ लागेल असे मी धरून चाललो होतो, पण रोपांना जेमतेम हातभर शेंडे फुटले तोच पहिली मादी आली. ती ढिगाऱ्यावर जमिनीलगत सावकाश उडत होती, एकेका पानावर टेकून पुढच्या पायांनी त्यावर झपाझप थापट्या मारत होती आणि बहुतेक पाने नाकारत होती. फुलपाखरांच्या पायांवर चव ओळखणारे संवेदक असतात आणि हे थापटणे म्हणजे चव घेणेच असते. कढीपत्त्याच्या पानाला तिने पाय लावून सोडून दिले, गुळवेलीला तर क्षणभरही वेळ दिला नाही, आणि सापसणीच्या कोवळ्या पानावर येताच पोट वळवून मागच्या बाजूला एक नारिंगी-तांबडे, मोहरीहून लहान अंडे चिकटवले. अंडी ती एकेकच घालते, पण दिवसभरात त्याच चार रोपांवर पुन्हा पुन्हा येत राहते.

आनंद झालाच, पण त्याचबरोबर हिशेबही डोळ्यांसमोर आला. कॉमन रोझचा सुरवंट दोन-अडीच आठवडे खातो आणि शेवटच्या काही दिवसांत त्याची भूक फार वाढते. पाने संपली की तो कोवळे खोड, कळ्या आणि हिरवी बोंडेही सोडत नाही. मूळ पुरेसे पोसले जाण्याआधीच रोप दोनदा-तीनदा निष्पर्ण झाले तर ते पुढच्या पावसात उगवतच नाही. म्हणजे पहिल्या पावसाळ्यात फुलपाखरांना वेलीपासून दूर ठेवणे हेच फुलपाखरांच्या बागेचे मुख्य काम ठरते. मी निम्म्या रोपांवर जुन्या मच्छरदाणीचे कापड टाकून ते चिऱ्यांनी दाबले आणि उरलेली निम्मी उघडी ठेवली. त्या उघड्या रोपांवर सुरवंट वाढले, झाकलेल्या रोपांची मुळे वाढली. दुसऱ्या वर्षी झाकलेल्या रोपांचे कोंब पेन्सिलीएवढे जाड आले. उघड्या रोपांपैकी काही आलीच नाहीत आणि जी आली ती किरकोळ होती. पूर्ण वाढलेल्या वेलीला मात्र दर पावसाळ्यात पानांचा फडशा पडला तरी काही होत नाही. मुळात साठा असला की ती पंधरवड्यात पुन्हा हिरवी होते.

सुरवंट जवळून पाहावा असा असतो. काळपट मद्यासारख्या तांबड्या अंगावर मांसल, टोकाला लालभडक असे काटे असतात आणि पाठीच्या मध्याजवळ एकच पांढरा पट्टा असतो. हे काटे टोचत नाहीत. त्याला काडीने डिवचले तर डोक्यामागून दुभंगलेले नारिंगी इंद्रिय बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. आमच्या परसातले बुलबुल लिंबावरच्या हिरव्या सुरवंटांचा समाचार घेतात, पण या तांबड्यांना शिवत नाहीत. याचे कारण वेलीतच आहे: या कुळातल्या वनस्पतींत अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ले असतात, सुरवंट ती पानांबरोबर खाऊन अंगात साठवतो आणि पुढे फुलपाखरातही ती राहतात. पंखांवरचा लाल रंग आणि लाल पोट ही पक्ष्यांना दिलेली सूचनाच असते.

आमच्या परसातले सगळ्यांत गमतीचे दृश्य यामुळेच शक्य झाले. कढीपत्त्यावर वाढलेल्या कॉमन मॉर्मनची मादी एकाच रूपाची नसते. तिचे एक रूप नरासारखे, एक कॉमन रोझसारखे आणि एक क्रिमसन रोझसारखे असते, म्हणजे ती स्वतः विषारी नसताना विषारी फुलपाखराचा वेष घेते. आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी 1865 मध्येच या माद्यांच्या वेगवेगळ्या रूपांची मीमांसा केली होती. 2014 मध्ये बंगळूरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातले कृष्णमेघ कुंटे आणि त्यांचे सहकारी यांनी हा सगळा वेषपालट डबलसेक्स नावाच्या एकाच जनुकाच्या प्रकारांवर अवलंबून असल्याचे दाखवले. परसात त्या दोघी शेजारी-शेजारी एक्झोरावर बसल्या की फरक पोटाच्या रंगावरून ओळखावा: खऱ्या रोझचे पोट आणि डोके लाल असते, मॉर्मनचे अंग काळे. त्या दोघींना एकत्र पाहण्यासाठी मला कुठे जावे लागले नाही, फक्त कढीपत्ता आणि सापसण एकाच आवारात असाव्या लागल्या.

याच विषामुळे एक वेगळीच जबाबदारी अंगावर आली. ‘ईश्वरी’ घरात आहे हे कळल्यावर गावातून मुळी मागायला लोक येऊ लागले. कुणाला विंचवावर उगाळून लावायची होती, कुणाला सापावर, कुणाला पोटदुखीवर. वयाने मोठ्या माणसाला ‘‘देणार नाही’’ म्हणणे अवघड जाते, पण मी देत नाही. अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंडांना कायमची इजा करते आणि त्यामुळे कर्करोग होतो, हे आता पक्के झालेले आहे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत या कुळातली चिनी वनस्पती चुकून गेली आणि ज्यांनी त्या घेतल्या त्यांतल्या अनेकींची मूत्रपिंडे निकामी झाली, ही घटना मी येणाऱ्याला सांगतो. ‘‘आमच्या आज्याने आयुष्यभर दिली की,’’ असे उत्तर येते. त्यावर माझे म्हणणे इतकेच असते की साप चावला तर उगाळत बसण्यात जाणारा वेळ प्रतिसर्पविष मिळण्यात घालवावा आणि रुग्णालय गाठावे. वेलीचे काम करून झाले की मी हात साबणाने धुतो आणि लहान मुलांना बोंडे खेळायला देत नाही. केवळ वेल परसात असण्याने काही अपाय होत नाही.

खरा पेच आला तो हिवाळ्यात, आणि तो आंब्याचा होता. आमच्या परसाच्या पश्चिमेला हापूसची बाग आहे. मोहोर आला की तुडतुड्यांसाठी फवारण्या सुरू होतात, आणि वारा आमच्याकडे असला की तुषार थेट ढिगाऱ्यावर येतात. एका फवारणीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी सुरवंट चिऱ्यांवर काळे पडून पडलेले होते. बागेवर ज्यांचे वर्षाचे पोट आहे त्यांना फुलपाखरांसाठी फवारू नका म्हणणे मला शक्य नव्हते आणि योग्यही नव्हते. मी बागमालकांकडे जाऊन एवढेच म्हटले, ‘‘अण्णा, फवारणीच्या आदल्या संध्याकाळी मला एक फोन कराल का? मी तेवढ्यापुरते झाकून घेईन.’’ अण्णांनी आधी ‘‘अळ्या वाचवायला?’’ असे दोनदा विचारून खात्री करून घेतली, मग हसून हो म्हणाले, आणि तेव्हापासून फोन नियमाने येतो. फोन आला की मी वेलीवर प्लास्टिकचे कापड टाकतो, वारा पडल्यावर काढतो आणि पाने पाण्याने धुऊन घेतो. शिवाय पुढची रोपे घराच्या भिंतीआड, वाऱ्याच्या आडोशाला लावली. माघ-फाल्गुनात वेल तशीही वाळू लागते, त्यामुळे पेच असतो तो थोड्याच दिवसांचा.

औषध मीही वापरत नाही, अगदी निंबोळी अर्कसुद्धा नाही, कारण माव्याला मारणारे औषध सुरवंटालाही लागते. मावा आला तर तो शेंडा पाण्याच्या धारेने धुतो किंवा खुडून टाकतो. कोषांतून कधी फुलपाखराऐवजी माश्या किंवा बारीक गांधीलमाश्या बाहेर येतात. सुरवंटाच्या अंगात अंडी घालणारे हे परजीवी कीटक असतात. सुरुवातीला ते पाहून वाईट वाटे आणि सुरवंट जाळीच्या पेटीत घालून वाढवावेत असा विचार मनात येई. आता मी तसे करत नाही. पेटीत गर्दी झाली की रोग लवकर पसरतो, आणि परजीवी नसते तर माझी सगळी सापसण भाद्रपदातच संपली असती.

उन्हाळ्यात ढिगारा पाहणाऱ्याला तिथे काही आहे असे वाटणार नाही. खोडे वाळून तुटतात, पाने झडतात आणि फक्त चिरे उरतात. घरात रंगकाम किंवा साफसफाई निघाली की अशा ‘रिकाम्या’ जागेवर पहिली कुदळ पडते, म्हणून प्रत्येक मुळाशेजारी चुना लावलेला दगड ठेवला आहे आणि कामाला येणाऱ्याला तो आधी दाखवतो. या दिवसांत आठवड्यातून एखादे वेळी मुळाशी थोडे पाणी दिले तरी पुरते. रोज पाणी दिले तर अवेळी कोंब येतात आणि मूळ दमते.

क्रिमसन रोझ आमच्याकडे अजून अंडी घालताना दिसलेली नाही. ती एक्झोरावर येते, पण सापसणीकडे जात नाही. बर्डविंगची अपेक्षा मी ठेवलेलीच नाही, कारण ते आंबोली, तिलारी आणि गोव्याच्या बाजूचे फुलपाखरू आहे. त्या पट्ट्यात ज्यांना लावायची असेल त्यांनी मात्र वेली दुपटीने लावाव्यात, कारण त्याचा सुरवंट बोटाएवढा होतो आणि त्याच प्रमाणात खातो. जोडीला दिंडा आणि भारंगी ही इथलीच झाडे मकरंदासाठी लावावीत. दिंड्याच्या फुलोऱ्यावर पावसाळ्यात जेवढी फुलपाखरे जमतात तेवढी रोपवाटिकेतल्या विकतच्या कुठल्याही फुलझाडावर मी पाहिलेली नाहीत.

आता आमच्या वेलींना स्वतःची बोंडे येतात. हिवाळ्यात पुरचुंड्या बांधतो आणि जमलेल्या बिया कागदाच्या पुड्यांत घालून ओळखीच्यांना लगेच देतो. पुड्यावर पेरणीची रीत, मुळी औषध म्हणून न वापरण्याची सूचना आणि पहिल्या पावसाळ्यात रोप जाळीखाली ठेवण्याची ताकीद लिहिलेली असते. काकूंचा गडगाही या वर्षी साफ झाला, पण सापसणीच्या फटीपुरता कोयता फिरला नाही. ‘‘तिथे अळ्या होत्या,’’ असे त्यांनी मला सांगितले.